एजंटला ‘सेशन चालू आहे का’ हे सांगणाऱ्या टूलचं डॉक्युमेंट कसं लिहायचं

सकाळचे ९ वाजून १७ मिनिटं झाली होती. बाजार उघडून दोनच मिनिटं झालेली. माझ्या ट्रेडिंग खात्याला जोडलेल्या एजंटला, म्हणजे माझ्या वतीने टूल्स चालवणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, मी होल्डिंग्ज दाखवायला सांगितलं. त्याने आधी आमचं ऑथ तपासणारं टूल चालवलं, म्हणजे सेशन (एकदा केलेलं लॉगिन) अजून चालू आहे का ते पाहणारं. ब्रोकरचा सर्व्हर त्या गर्दीत पाच सेकंदांत उत्तर देऊ शकला नाही, कॉल टाइमआउट झाला, आणि टूलने उत्तर दिलं: ‘लॉग्ड-इन: नाही’. एजंटने लगेच लॉगिनची लिंक पुढे केली. मीही घाईत ओटीपी टाकून मोकळा झालो. त्या ब्रोकरकडे नवं लॉगिन झालं की त्याच ॲपचं जुनं टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळालेली डिजिटल किल्ली, रद्द होतं. ते जुनं टोकन माझ्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे होतं, आणि तो प्रोग्रॅम भाव वर जाईल तसा स्टॉपलॉस (तोटा रोखण्यासाठी ठरवलेली विक्रीची किंमत) वर सरकवत होता. तो मुकाट्याने थांबला. दुपारी पाहिलं तर ज्या पोझिशनचा स्टॉपलॉस वर सरकायला हवा होता, ती सकाळच्याच किमतीला कटलेली.

कोड मी नंतर दोनदा वाचला, तेव्हा त्यात चूक दिसली नाही. टूलच्या डॉक्युमेंटमध्ये मात्र मी स्वतः एवढंच लिहिलं होतं: ‘लॉगिन आहे की नाही ते तपासतं.’ एजंटने त्या वाक्याचा सरळ अर्थ घेतला. तेव्हापासून या एका छोट्या टूलचं डॉक्युमेंट मी ऑर्डर टाकणाऱ्या टूलपेक्षाही जास्त वेळ देऊन लिहितो. ते कसं लिहितो, ते पुढे सांगतो. उदाहरणं मुख्यतः एमसीपीची घेतली आहेत, म्हणजे अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुलं केलेलं मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल, कारण आज एजंटला बाहेरची टूल्स जोडायची ती मोठी वाट आहे. टूलची आणि फील्डची नावं इथे देवनागरीत लिहितो, कोडमध्ये ती अर्थातच रोमन असतील.

पायरी १: ‘लॉगिन आहे का’ या प्रश्नाचे तुकडे करा

लिहायला बसण्याआधी कागदावर चार प्रश्न वेगळे मांडा. टोकन आपल्याकडे आहे का? ते ब्रोकरचा सर्व्हर आत्ता मान्य करतो का? ते कोणाच्या खात्याचं आणि कुठल्या वातावरणाचं आहे, खऱ्या पैशाचं की सरावाचं? आणि त्या टोकनला काय काय करायची परवानगी आहे?

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळ्या जागी मिळतं. पहिल्याचं उत्तर तुमच्या मेमरीत किंवा फाइलमध्ये असतं. दुसऱ्यासाठी सर्व्हरला कॉल करावाच लागतो. टोकन जेडब्ल्यूटी प्रकारचं (स्वतःतच माहिती बाळगणारं) असेल तर त्यातली मुदत जागच्या जागी वाचता येते, पण वापरकर्त्याने मोबाइलवरून लॉगआउट केलं असेल तर ते त्या मुदतीवरून कळत नाही. म्हणून डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट लिहा: हे टूल सर्व्हरला विचारतं, की फक्त जवळचं टोकन पाहतं. हे एक वाक्य नसेल तर एजंट नेहमी चांगल्यात चांगला अर्थ धरून चालतो.

तिसऱ्या प्रश्नाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. अमेरिकेतल्या अल्पाकासारख्या ब्रोकरकडे सरावाचं आणि खरं खातं यांच्या कीज वेगळ्या आणि सर्व्हरचे पत्तेही वेगळे असतात. टूलने ‘सक्रिय’ म्हटलं आणि वातावरण सांगितलंच नाही, तर सराव समजून एजंट खरी ऑर्डर टाकू शकतो.

चौथा प्रश्न भारतात अधिक टोकदार झाला आहे. किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगबद्दल (प्रोग्रॅमने आपोआप केलेल्या खरेदी-विक्रीबद्दल) सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ ला परिपत्रक काढलं. एपीआय (प्रोग्रॅमने ब्रोकरशी बोलायची वाट) वापरायचा तर ब्रोकरकडे नोंदवलेला स्थिर आयपी पत्ता (न बदलणारा इंटरनेट पत्ता), ओऑथ पद्धतीचं लॉगिन (पासवर्ड प्रोग्रॅमला न देता ब्रोकरच्या पानावर केलेलं) आणि टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन या अटी त्यातून आल्या. आता समजा, ब्रोकरने आयपीची अट फक्त ऑर्डरच्या कॉलवर लावली आहे. प्रोफाइलचा कॉल तुमच्या घरच्या वायफायवरून व्यवस्थित उत्तर देईल, तपासणी पास होईल आणि पहिलीच ऑर्डर नाकारली जाईल. टूल ज्या कॉलवरून निष्कर्ष काढतं तो कॉल आणि ऑर्डरचा कॉल एकाच अटीखाली आहेत की नाही, हे शोधून डॉक्युमेंटमध्ये लिहा.

पायरी २: आधी सगळ्या अवस्था स्वतः घडवून पाहा

ब्रोकरचं डॉक्युमेंट वाचून आपलं डॉक्युमेंट लिहू नका. टर्मिनल उघडा आणि एकेक अवस्था मुद्दाम तयार करा. ताजं लॉगिन करून कॉल करा. टोकनची फाइल बाजूला काढून करा. टोकनमधलं एक अक्षर बदलून करा. दुसऱ्या ठिकाणाहून लॉगआउट करून करा. वायफाय बंद करून करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करा, म्हणजे आयपी बदलतो. दर वेळी काय आलं ते जसंच्या तसं उतरवून घ्या: स्टेटस कोड, एररचा प्रकार, मजकूर, लागलेला वेळ.

हे का करायचं त्याचं एक उदाहरण. एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या, नियमाप्रमाणे ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही, आणि ४०३ म्हणजे विनंती कळली पण परवानगी नाही. हा नियम मनात धरून कोणी टूल लिहिलं आणि ते झिरोधा या ब्रोकरच्या काइट कनेक्ट या एपीआयला जोडलं, तर गडबड होईल. तिथे सेशन संपलं की ४०३ येतो, आणि सोबत एररचा प्रकार ‘टोकनएक्सेप्शन’ असतो. काइटचं डॉक्युमेंट त्याची कारणंही देतं: वापरकर्त्याने लॉगआउट केलं, मुदत संपली, किंवा दुसरीकडे लॉगिन झालं. नियम पाठ असलेला एजंट ४०३ पाहून म्हणेल, ‘या खात्याला परवानगी नाही, ब्रोकरशी संपर्क करा.’ खरं तर फक्त पुन्हा लॉगिन करायचं असतं.

म्हणून तुमच्या टूलने ब्रोकरचा कोड तसाच पुढे ढकलायचा नाही. त्याचं भाषांतर करायचं, आणि कुठल्या कोडचं भाषांतर काय होतं ते डॉक्युमेंटमध्ये ठेवायचं.

पायरी ३: नाव आणि वर्णन

नाव ‘ऑथेंटिकेट’ ठेवू नका. ते वाचून एजंटमागच्या एआय मॉडेलला वाटतं की हे टूल लॉगिन करून देतं. ‘चेक_ऑथ’ बरं आहे, ‘ऑथ_स्टेटस’ त्याहून बरं.

वर्णन हा डॉक्युमेंटचा सर्वात महागडा भाग, कारण एजंट प्रत्येक संवादात तो वाचतो आणि बाकीचं बहुधा वाचतच नाही. माझं आताचं वर्णन असं आहे:

‘जवळच्या टोकनने ब्रोकरच्या सर्व्हरला एक वाचन-कॉल करून सेशनची अवस्था सांगतं. लॉगिन करत नाही, टोकन नवं करत नाही, ऑर्डरला हात लावत नाही. खात्याशी संबंधित पहिल्या कामाआधी एकदा वापरा. त्यानंतर एखाद्या टूलने सेशनची एरर दिली तरच पुन्हा वापरा. उत्तर ‘अज्ञात’ आलं तर वापरकर्त्याला लॉगिन करायला सांगू नका.’

पाच वाक्यं आहेत. काय करतं, काय करत नाही, केव्हा वापरायचं, आणि सर्वात धोकादायक गैरसमज कोणता. शेवटचं वाक्य मी ९:१७ च्या त्या प्रसंगानंतर घातलं. तुमच्याकडे असा प्रसंग घडलेला असेल तर त्याचं वाक्य इथेच घाला, लांबच्या ‘अडचणी आणि उपाय’ विभागात नको.

वर्णनासोबत एमसीपीमध्ये टूलला खुणा जोडता येतात: फक्त वाचणारं आहे का, काही नष्ट करू शकतं का, पुन्हा चालवलं तर परिणाम तोच राहतो का. खुणा दिल्याच नाहीत तर प्रोटोकॉल वाईटात वाईट धरतो, म्हणजे टूल फक्त वाचणारं नाही आणि नाश करू शकतं. मग दर तपासणीला परवानगीची खिडकी उघडू शकते, माणूस कंटाळून सगळ्यालाच ‘हो’ म्हणायला लागतो, आणि ती सवय ऑर्डरच्या खिडकीपर्यंत पोचते. त्यामुळे ‘फक्त वाचन’ ही खूण आठवणीने लावा. मात्र या खुणा म्हणजे टूल बनवणाऱ्याने स्वतः दिलेली माहिती. त्या पहारा देत नाहीत, म्हणून खरी बंधनं सर्व्हरच्या कोडमध्येच असू द्या.

पायरी ४: उत्तराच्या पाच अवस्था

‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देणारं टूल असेल तर आधी टूल बदला, मग डॉक्युमेंट लिहा. मी पाच अवस्था ठेवतो, आणि प्रत्येकीपुढे तिचा अर्थ व एजंटने पुढे काय करायचं हे लिहितो.

‘सक्रिय’: सर्व्हरने आत्ता टोकन मान्य केलं. पुढचं काम करा.

‘टोकन नाही’: या मशीनवर लॉगिन झालेलंच नाही. वापरकर्त्याला लॉगिनची लिंक द्या.

‘संपलं’: टोकन आहे, पण सर्व्हरने ते नाकारलं. कारण सांगून लिंक द्या. याच खात्यावर दुसरा प्रोग्रॅम चालू आहे का, हे लिंक देण्याआधी विचारा.

‘परवानगी अपुरी’: ओळख पटली, पण मागितलेलं काम या टोकनला किंवा या आयपीवरून करता येत नाही. पुन्हा लॉगिन करून उपयोग नाही.

‘अज्ञात’: सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही, किंवा उत्तराचा अर्थ लागला नाही.

‘अज्ञात’पाशी थोडं थांबू या. टाइमआउट, सर्व्हरच्याच अडचणीचे ५०२, ५०३, ५०४ आणि कॉलची मर्यादा ओलांडल्याचा ४२९, हे सगळे याच अवस्थेत येतात. यातला एकही कोड टोकनबद्दल काहीच सांगत नाही. तरी बहुतेक टूल्समध्ये कोड असा असतो: कॉल करून पाहा, काहीही चुकलं तर ‘लॉगिन नाही’ म्हणा. एका ओळीत भागतं आणि चाचणीत खटकत नाही, कारण चाचणीच्या वेळी नेट चालू असतं आणि बाजार बंद असतो. बाजार उघडताना मात्र, जेव्हा सर्व्हरवर खरा ताण असतो, तेव्हाच हे टूल खोटं बोलतं. त्याचा परिणाम उलट फिरवता येत नाही, कारण लॉगिन केलं की जुनं सेशन गेलं. म्हणून डॉक्युमेंटमध्ये ‘अज्ञात’च्या पुढे मी तीन गोष्टी लिहितो: १० सेकंदांनी एकदाच पुन्हा तपासा, तरीही ‘अज्ञात’ असेल तर वापरकर्त्याला ‘ब्रोकरचा सर्व्हर उत्तर देत नाही, तुमचं सेशन बहुधा ठीक आहे पण खात्री करता आली नाही’ असं सांगा, नवी ऑर्डर टाकू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. सेशन संपलेलं आढळलं म्हणून टूल अयशस्वी झालं असं होत नाही. त्याला तपासायला पाठवलं होतं, त्याने तपासून सांगितलं. एमसीपीच्या उत्तरात एररची एक खूण असते, ती अशा वेळी लावू नका. लावली तर काही एजंट ‘टूल बिघडलं’ असं समजून तेच टूल चार वेळा चालवत बसतात.

पायरी ५: वेळ लिहा, भारतीय वेळेसकट

उत्तरात दोन वेळा हव्यात: तपासणी केव्हा केली आणि टोकन केव्हापर्यंत चालेल. दोन्हींपुढे टाइमझोन, म्हणजे +०५:३० लिहा. ‘०६:००’ एवढंच लिहिलं आणि सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असला, तर एजंट ते सकाळी साडेअकरा समजतो.

सहाचं उदाहरण उगाच घेतलं नाही. काइट कनेक्टचं ॲक्सेस टोकन दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता संपतं. रात्री ११ वाजता लॉगिन केलेल्याला वाटतं चोवीस तासांची सोय झाली, पण हाती सातच तास असतात. एजंटला ‘उद्या ९:१५ ला ही ऑर्डर टाक’ असं रात्री सांगणारे लोक आहेत, मीही सांगत होतो. डॉक्युमेंटमध्ये वाक्य हवं: ‘आत्ता सक्रिय असणं हे उद्याच्या कामाला पुरेसं नाही. काम मुदतीच्या पलीकडचं असेल तर आत्ताच सांगा की सकाळी पुन्हा लॉगिन लागेल.’

तपासणी आणि ऑर्डर यांच्या मधल्या काळात सेशन जाऊ शकतं, हेही लिहा. काही जण यावर उपाय म्हणून प्रत्येक ऑर्डरआधी तपासणी करायला सांगतात. ते करू नका. कॉलची संख्या दुप्पट होते, मर्यादा लवकर भरते, आणि मधली फट तरीही उरतेच. ऑर्डरच्या टूलने स्वतः सेशनची एरर नीट सांगावी आणि तेव्हा एजंटने तपासणी करावी, हा क्रम बरोबर. टूल जुनं उत्तर साठवून ठेवत असेल तर किती सेकंद, तो आकडाही लिहा. मी ३० ठेवतो, पण ‘अज्ञात’ हे उत्तर साठवत नाही.

पायरी ६: उत्तरात काय येता कामा नये

टोकन येता कामा नये. त्याचे पहिले चार अंकसुद्धा नकोत. एपीआय सिक्रेट (ॲपचा गुप्त कोड) नको. टूलच्या उत्तरातलं प्रत्येक अक्षर संवादात जातं, संवादातून लॉगमध्ये जातं, आणि कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतं. प्रोफाइलच्या कॉलमध्ये नाव आणि ईमेल असतं, कुठे पॅन आणि मोबाइलही असतो. यातलं एजंटला काय लागतं? खातं ओळखण्यापुरता क्लायंट आयडी, तोही मधली अक्षरं झाकून, कारण घरात दोघांची खाती असतील तर आईच्या खात्यात मुलाची ऑर्डर जाऊ नये. बाकी सगळं टूलमध्येच गाळा, आणि काय गाळलं ते डॉक्युमेंटमध्ये लिहा, म्हणजे पुढचा डेव्हलपर ‘उपयोगी पडेल’ म्हणून ते परत घालणार नाही.

लॉगिनबद्दलची सूचना तर ठसठशीत हवी: पासवर्ड, पिन, ओटीपी किंवा टीओटीपी (ऑथेंटिकेटर ॲपमधला सतत बदलणारा कोड) एजंटने चॅटमध्ये कधीही मागू नये, वापरकर्त्याने आपणहून दिला तरी वापरू नये. लॉगिन ब्रोकरच्या स्वतःच्या पानावर, माणसाच्या हाताने. लिंक टूलने तयार केलेली असावी. एजंटने स्वतःच्या आठवणीतून लिंक लिहू नये, कारण एका अक्षराच्या फरकाने बनावट पानावर नेता येतं.

पायरी ७: डॉक्युमेंटची परीक्षा घ्या

इथे कोडची चाचणी अपेक्षित नाही, लिखाणाची अपेक्षित आहे. खऱ्या टूलच्या जागी एक नकली टूल ठेवा, जे तुम्ही सांगाल ती अवस्था परत देतं. एजंटला डॉक्युमेंटशिवाय दुसरं काहीही देऊ नका. मग साधी विनंती करा, ‘माझ्या होल्डिंग्जमध्ये आज काय बदललं?’, आणि पाचही अवस्थांमध्ये तो काय बोलतो ते पाहा. प्रत्येक अवस्था निदान पाच-सहा वेळा चालवा, कारण मॉडेल दर वेळी तेच बोलत नाही.

मी ‘अज्ञात’ या अवस्थेवर ही परीक्षा घेतली तेव्हा एजंटने दोनदा लॉगिन मागितलं. वर्णनात ‘लॉगिन सुचवणं टाळा’ असं होतं. ते बदलून ‘लॉगिन करायला सांगू नका’ केलं आणि उत्तराच्या ‘पुढचं पाऊल’ या फील्डमध्येही तेच वाक्य टाकलं. त्यानंतर मागितलं नाही. सूचना दोन ठिकाणी द्यायला संकोच करू नका. माणसाला पुनरुक्ती खटकते, पण एजंटला निर्णयाच्या क्षणी जवळचं वाक्य जास्त उपयोगी पडतं.

दुसरी परीक्षा माणसावर. ट्रेडिंग न करणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला डॉक्युमेंट द्या आणि विचारा, ‘सकाळी सव्वानऊला हे उत्तर आलं, तू काय करशील?’ तो जिथे अडखळेल तिथलं वाक्य बदला.

पायरी ८: तारीख टाका

डॉक्युमेंटच्या अगदी वर दोन ओळी: ब्रोकरच्या एपीआयची कुठली आवृत्ती, आणि पायरी २ मधल्या अवस्था शेवटच्या केव्हा घडवून पाहिल्या. ब्रोकर बदलाची सूचना देतात, पण ती ईमेलच्या ढिगाऱ्यात जाते. मी दर तीन महिन्यांनी एका शनिवारी, बाजार बंद असताना, सगळ्या अवस्था पुन्हा चालवतो आणि मग सोमवारी ९:१५ ते ९:३० या वेळात फक्त ‘सक्रिय’ची तपासणी करून लागलेला वेळ नोंदवतो. टाइमआउट पाच सेकंदांवरून बारा सेकंदांवर नेला तो याच नोंदींवरून.